मऊ पाहिजे की टेकायला पाहिजे?

कोरेगाव भीमात सकाळी सहाच्या सुमारास नगर रोडच्या कडेला उभं राहिलं की दुचाकींची रांगच दिसते. कोणी सणसवाडीच्या कारखान्यात निघालेला, कोणी शिक्रापूरहून आत चाकणकडे वळणारा, कोणी सरळ रांजणगावच्या एमआयडीसीत. पाठीवर डब्याची सॅक, डोक्यावर हेल्मेट (असलं तर) आणि शिफ्ट गाठायची घाई. बहुतेक गाड्या साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या. पण मधूनच एखादी बुलेट किंवा ॲव्हेंजर जाते आणि तिच्या सीटच्या मधोमध एक छोटी काळी उशी उभी असते. चालवणाऱ्याच्या पाठीला टेकू देणारा बॅकरेस्ट. दुकानात बसून पाहिला तर सिंहासनावर बसल्यासारखं वाटतं. महिनाभर वापरला की तक्रार येते : “पाठीला आराम म्हणून लावला आणि आता पाठच धरायला लागली.”

माझंही तेच झालं. गाडीबरोबर बसवून घेतलेला पॅड टोचायला लागला, म्हणून मी ऑनलाइन दुसरा, चांगला जाडजूड मागवला. तो लावल्यावर मी टाकीच्या इतका जवळ सरकलो की दुभाजकाच्या फटीतून यू-टर्न घेताना हँडलचं टोक पोटाला लागायचं. दोन पॅडचे पैसे गेल्यावर शिक्रापूरच्या एका सीटवाल्याकडे गेलो. त्याने पॅड हातात घेतला, अंगठ्याने दाबला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, “साहेब, तुम्हाला मऊ पाहिजे की टेकायला पाहिजे?”

मला तेव्हा दोन्ही एकच वाटत होतं. तुम्हालाही वाटत असेल, तर नवा पॅड घेण्याआधी पुढचं वाचा.

आधी हे पाहा की तुम्हाला बॅकरेस्टची खरोखर गरज आहे का. साध्या कम्यूटर गाडीवर पायाचे रेस्ट जवळजवळ बुडाखाली असतात, अंग थोडं पुढे झुकतं आणि गुडघे टाकीला धरून ठेवतात. अशा बैठकीत पाठ मागे टेकतच नाही. तिथे बॅकरेस्ट लावणं म्हणजे स्टुलाला उशी बांधणं. पाय पुढे टाकून बसायच्या गाड्यांची गोष्ट निराळी. बजाजने कावासाकीच्या साथीने २००१ साली एलिमिनेटर आणली आणि २००५ साली तिच्याच वळणाची ॲव्हेंजर. अशा गाडीवर पाय पुढे गेले की अंगाचा भार पायांवर राहत नाही, तो सगळा माकडहाडावर आणि कमरेवर येतो. खड्डा आला तर पायांवर उठून धक्का झेलताही येत नाही. तिथे टेकू उपयोगाचा. बुलेटची बैठक या दोन्हींच्या मधली, ताठ. पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे टेकू बरा वाटतो, गावातल्या गावात त्याची गरज नसते.

आणि पाठीवर सॅक अडकवून गाडी चालवत असाल तर बॅकरेस्टचा विचारच सोडा, किंवा सॅकचा. डबा, पाण्याची बाटली आणि रेनकोट भरलेली सॅक पाठ आणि पॅड यांच्यामध्ये आली की डब्याचा कोपरा मणक्यात रुततो आणि शिव्या मात्र पॅडला बसतात. माझ्या ओळखीच्या दोघांची तक्रार डबा बाजूच्या बॅगेत टाकल्याबरोबर मिटली. खर्च शून्य.

आता खरा प्रश्न. पॅड नेमका कुठे आणि कसा त्रास देतो? ‘पाठ दुखते’ एवढ्यावर कुठलाही कारागीर काही करू शकत नाही. आठवडाभर लक्ष ठेवा. दुखणं माकडहाडाशी आहे, कमरेच्या पट्ट्याच्या रेषेत आहे, की वर पाठीच्या पात्यांच्या खाली? बसल्याबरोबर टोचतं की अर्ध्या तासाने? सपाट रस्त्यावर होतं की गतिरोधकावर? प्रत्येक उत्तराचा उपाय वेगळा आहे. बसल्याबरोबर एकाच जागी टोचत असेल तर आत बोल्टचं डोकं, टी-नट (तळाच्या प्लायवूडमध्ये ठोकलेला नट) किंवा शिलाईची गाठ आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी दुखायला लागत असेल तर फोम बसलाय. अंगाच्या उबेने आणि भाराने तो दबत जातो आणि शेवटी पाठ प्लायवूडला टेकते. फक्त खड्ड्यात धक्का बसत असेल तर पॅड चांगला असून त्याची दांडी ढिली असण्याची शक्यता जास्त. खांदे पुढे ढकलल्यासारखे वाटून मान आखडत असेल तर पॅड उंच बसलाय. आणि कमरेखालचं कातडं घासून लाल होत असेल तर तो फार खाली आहे.

एक गोष्ट मात्र पॅडच्या माथी मारू नका. दुखणं कमरेतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पायातली ताकद कमी वाटत असेल, तर सीटवाल्याकडे नव्हे, डॉक्टरकडे जा. त्यासोबत लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली, तर त्याच दिवशी, थेट दवाखान्यात.

कमरेत आपले पाच मणके असतात आणि उभं असताना त्यांचा आत वळलेला एक बाक असतो. बसलो की हा बाक सपाट होतो, गाडीवर पाय पुढे टाकले की उलटा बाहेर यायला लागतो. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला होता. टेकू न घेता बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. नंतरच्या मोजमापांत आकडे थोडेफार बदलले, पण मागे टेकलं की चकतीवरचा भार उतरतो हे कायम राहिलं. तेव्हा पॅडचं काम काय, तर कमरेचा तो बाक भरून काढणं. संपूर्ण पाठ मऊ गादीत बुडवणं हे त्याचं काम नव्हे. फार मऊ पॅडमध्ये कंबर आत जाते, वरची पाठ पुढे येते आणि जो बाक सांभाळायचा तोच मोडतो. सीटवाल्याच्या प्रश्नाचा अर्थ मला इथे कळला.

तुमची योग्य उंची शोधायला फूटपट्टीही लागत नाही. गाडीवर नेहमीसारखे बसा, हात हँडलवर, कोपरात थोडा बाक. कोणाला तरी मागे उभं करा. तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची कड हाताला लागते, तिच्या रेषेत साधारण चौथा मणका येतो. त्या रेषेपासून वर चार-पाच बोटं, एवढ्या पट्ट्यात पॅडचा सर्वांत पुढे आलेला भाग पाहिजे. पॅडची खालची कड माकडहाडाच्या वरच राहावी. वरची कड पाठीच्या पात्यांना लागता कामा नये, नाहीतर मागे वळून पाहताना अडते. ही खूण खडूने शर्टावर करून घ्या आणि पॅड कुठे टेकतोय ते पाहा. बऱ्याच जणांना इथेच उत्तर सापडतं : पॅड दोन इंच वर बसलेला असतो. दांडीला उंची बदलायची भोकं असतात, पण गाडी विकत घेतल्यापासून तिकडे कोणी पाहिलेलंच नसतं.

यानंतर टॉवेलची परीक्षा. जुना सुती टॉवेल चौघडी करून त्या पट्ट्यात पॅडवर बांधा. जुन्या सायकल-ट्यूबची पट्टी त्याला उत्तम. कोरेगावहून शिक्रापूरपर्यंत जाऊन या. बरं वाटलं तर एक घडी कमी करून पाहा, मग एक वाढवून. दोन-तीन फेऱ्यांत तुम्हाला किती जाडी, कुठे आणि किती रुंद पाहिजे ते कळतं. नवा पॅड विकत घेण्याआधी ही परीक्षा केली असती तर माझे दुसऱ्या पॅडचे पैसे वाचले असते.

जाडीचा दुसरा परिणाम लोक विसरतात. पॅडमध्ये इंचभर फोम वाढवला की तुम्ही जवळजवळ तेवढेच पुढे सरकता. हँडल जवळ येतं, ब्रेकच्या पॅडलवरचा पाय जास्त दुमडतो, गुडघा वर येतो. म्हणून टॉवेल बांधलेला असतानाच गाडी स्टँडवर लावून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहा. हात पुरतो का, पोटाला काही लागतं का, मागचा ब्रेक टाच न उचलता दाबता येतो का? नगर रोडला वाघोलीपासून शिक्रापूरच्या चाकण चौकापर्यंत जी कोंडी होते, तीत दर मिनिटाला पाय टेकवावे लागतात. पाय टेकवताना बूड किंचित पुढे घ्यावं लागतं, तेवढी जागा पाहिजेच. कोंडीत बॅकरेस्टचा काही उपयोग नाही. पण त्याने अडचणही करू नये.

आता पॅड काढायचा. बहुतेक बॅकरेस्टची रचना सारखीच : सीटखाली एक ब्रॅकेट, त्यातून वर येणारी दांडी, दांडीच्या माथ्यावर लोखंडी पट्टी किंवा बिजागर, आणि त्या पट्टीवर दोन किंवा चार बोल्टांनी आवळलेला पॅड. बोल्ट सहसा ६ मिलिमीटरचे, त्यांना १० नंबरचा पाना लागतो. ८ मिलिमीटरचे असतील तर १२ किंवा १३. काढण्याआधी मोबाइलवर दोन-चार फोटो घ्या. वॉशर कुठल्या क्रमाने होते हे परत बसवताना कोणालाही आठवत नाही. बोल्ट गंजले असतील तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर राहू द्या. जोर लावला तर पॅडच्या आतला टी-नट प्लायवूडमध्ये फिरायला लागतो आणि मग रेक्झिन फाडल्याशिवाय सुटका नाही.

पॅड निघाला की दांडी हाताने हलवून बघा. खडखड वाजत असेल तर दोष इथेच आहे. ब्रॅकेट आणि दांडी यांच्यातल्या फटीत ट्यूबची पट्टी किंवा नायलॉनचा वॉशर घाला. वेल्डिंग मारून दांडी पक्की करून टाकू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. दांडी दुमडता किंवा काढता आली पाहिजे, आणि गाडीच्या चासीवर वेल्डिंग किंवा कापाकापी करणं तर नकोच. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. उशी बदलणं हा काही गाडीचा बदल नव्हे. चासीला हात लावला की मामला वेगळा होतो.

मागे बसणाऱ्याचाही विचार इथेच करावा लागतो. कायद्याचं कलम १२८ सांगतं की मागचा माणूस नीट घट्ट बसवलेल्या सीटवरच बसला पाहिजे, आणि केंद्रीय नियमांत त्याच्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि साडी-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून जाळी सांगितली आहे. तुमच्या बॅकरेस्टने यातलं काही झाकलं जाऊ नये. माझा तो जाडजूड पॅड लावल्यावर आमच्या घरातून पहिल्याच रविवारी निकाल आला होता : “अहो, हे काढा, नाहीतर मी एसटीने येते.” तिचं बरोबर होतं. पॅडची मागची बाजू म्हणजे उघडं प्लायवूड आणि चार बोल्टांची टोकं, आणि ब्रेक मारला की तिचे गुडघे आणि हात सरळ त्याच्यावर. मागच्या बाजूलाही अर्धा इंच फोम आणि रेक्झिन लावून घ्या, बोल्टांना गोल डोक्याचे नट टाका. घरातली शांतता त्याने राहते.

फोमबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण लोक फसतात ते इथेच. दुकानदार ‘डेन्सिटी’ सांगतो : ३२ची, ४०ची. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. तो किती कडक किंवा मऊ आहे हे त्यातून कळत नाही. ४० डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो, कडकही. तेव्हा आकडा विचारा, पण हाताने दाबूनही बघा : चार बोटांनी दाबला तर अर्ध्यापर्यंत जावा, आणि सोडल्याबरोबर परत यावा. रिबाँड नावाचा फोम दिसायला रंगीबेरंगी चिवड्यासारखा असतो. तो फोमच्या कापलेल्या तुकड्यांना चिकटवून दाबून करतात. ८० ते १०० डेन्सिटीचा सहज मिळतो. हा लवकर बसत नाही. पण नुसता रिबाँड लावला तर पाठीला फळीच वाटते.

मेमरी फोमचं फार कौतुक होतं. घरातल्या उशीला तो चांगला, गाडीला माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. हा फोम उष्णतेने मऊ आणि थंडीने कडक होतो. डिसेंबरात पहाटे भीमेच्या पुलावर धुकं असतं तेव्हा तो विटेसारखा लागतो, आणि मे महिन्यात दुपारी कारखान्याच्या पार्किंगमधून गाडी काढली की कणकेच्या गोळ्यासारखा. जेलच्या पॅडचंही उन्हात तेच. आधी तापतो, मग तासभर थंड होत नाही.

मला जमलेली रचना अशी. तळाला १२ मिलिमीटरचं प्लायवूड, पाण्यात टिकणारं, ज्यावर आयएस ७१०चा शिक्का असतो. एवढासा तुकडा सुताराकडे उरलेला मिळून जातो. त्याच्या कडांना ऑइल पेंट किंवा वॉर्निश लावायचं, कारण प्लायवूड पाणी पितं ते कडेने. त्यावर २५ मिलिमीटर रिबाँड, त्यावर २० मिलिमीटर ४० डेन्सिटीचा जरा कडक फोम, आणि सगळ्यात वर रेक्झिनच्या खाली ६ मिलिमीटरचा मऊ थर, हाताला नीट लागावा एवढ्यासाठी. रिबाँडला मध्यभागी उभी, दोन बोटं रुंद आणि अर्धा सेंटिमीटर खोल अशी पन्हळ काढायची. पाठीच्या मधोमध मणक्यांची जी टोकं हाताला लागतात ती या पन्हळीत राहतात आणि भार दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर जातो. ही पन्हळ विकतच्या पॅडमध्ये मला क्वचितच दिसली, आणि सगळ्यात जास्त फरक तिनेच पडला. मधला भाग किंचित पुढे आलेला, वरची आणि खालची कड गोलाईने मागे गेलेली ठेवायची. रुंदी एवढीच की कोपर मागे नेताना पॅडला लागू नये.

पॅडमध्ये थर्मोकोल घालून उंची वाढवणारेही भेटतात. ते महिन्याभरात चुरा होतं. शिवाय फोम चिकटवायच्या एसआर ९९८ सारख्या सोल्यूशनमधला द्राव थर्मोकोल खाऊन टाकतो. लावल्या जागी खड्डा पडतो. सोल्यूशन लावताना दोन्ही बाजूंना पातळ हात मारा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच जोडा. ओलं असताना जोडणारे घाई करतात आणि दोन दिवसांत थर सरकतात. फोमच्या पूर्ण पृष्ठावर लेप दिला तर वाळल्यावर त्याची कडक पापडी होते. कडेला आणि मध्ये पट्टे पुरतात. घरात करत असाल तर खिडक्या उघड्या, आणि देवाजवळचा दिवा लांब.

फोम कापायला सीटवाले लांब हॅक्सॉ ब्लेडला धार लावून वापरतात. घरी नवी कटरची पाती किंवा पाव कापायची सुरी चालते. दाबून कापू नका, ओढत कापा. दाबला की खाली कमी आणि वर जास्त कापला जातो.

पाणी हा खरा शत्रू. जूनपासून पुढे चार महिने शिलाईच्या आणि पिनांच्या भोकांतून पाणी आत जातं, फोम स्पंज होतो आणि ऊन पडलेलं असूनही पाठीला ओलावा जाणवतो. म्हणून फोम आणि रेक्झिन यांच्यामध्ये पातळ प्लास्टिक घाला. मात्र तळाच्या प्लायवूडला दोन बारीक भोकं ठेवा, त्यातलं एक अगदी खाली. नाहीतर टेकल्यावर आतली हवा जायला वाट मिळत नाही, पॅड फुग्यासारखा ताठ होतो आणि शिलाई उसवते. आत शिरलेलं पाणीही त्याच भोकातून गळतं.

रेक्झिन घेताना उलटं करून बघा. मागे विणलेलं कापड असेल तर ते ताणलं जातं आणि गोलाईवर नीट बसतं. नुसतं प्लास्टिक असेल तर एका उन्हाळ्यात तडे जातात. फार गुळगुळीत नको, पाठ घसरते. बारीक भोकांचं छान दिसतं, पण ते पावसाळ्यात चाळणीचं काम करतं. रंग काळाच असला पाहिजे असं काही नाही. राखाडी किंवा तपकिरी उन्हात कमी तापतो. शिलाई आणि पायपिंग पॅडच्या कडेला राहू द्या, पाठ टेकते तिथे एकही जोड नको. नाव, वाघ किंवा ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ भरतकामात पाहिजे असेल तर मागच्या बाजूला घ्या. तुमच्या पाठीला वाचता येत नाही; मागे बसणाऱ्याला येतं.

पिना मारायच्या तर रेक्झिन आधी पंधरा मिनिटं उन्हात ठेवा. मऊ झालं की ताणता येतं. वरच्या बाजूला मध्यभागी एक पिन, मग खाली मध्यभागी, मग डावी-उजवी, आणि तिथून कोपऱ्यांकडे सरकत जा. कोपरे सर्वांत शेवटी, छोट्या चुण्या घालून. एका कडेपासून सुरू करून दुसरीकडे गेलात तर शेवटी कापड तिरपं झालेलं असतं. पिना स्टेनलेस स्टीलच्या मिळाल्या तर उत्तम. साध्या पिना गंजतात आणि रेक्झिनवर तांबूस डाग येतात. तुमच्या पॅडचा तळ प्लायवूडऐवजी कडक प्लास्टिकचा असेल तर हातातल्या टॅकरची पिन उडून येते. ते काम हवेच्या गनवर करणाऱ्या सीटवाल्याला द्या.

खरं सांगायचं तर सगळंच काम त्याला द्यायलाही काही हरकत नाही. सणसवाडी-शिक्रापूरच्या पट्ट्यात गाड्यांची सीटं शिवणारे हात पुष्कळ आहेत. वेगळ्या मापाची दांडी, बिजागर किंवा ब्रॅकेट पाहिजे असेल तर मात्र पुण्याला नाना पेठेत जावं लागतं. दुचाकीचे सुटे भाग शोधायला अजून तीच जागा खरी. सीटवाल्याकडे जाताना टॉवेलच्या परीक्षेत ठरलेली मापं कागदावर नेली की काम निम्मं सोपं होतं. ‘जरा मऊ करा’ एवढंच सांगितलं तर तो जुन्यावर एक थर चढवून देईल, कारण गिऱ्हाईक तेच मागतं. आतला बसलेला फोम पूर्ण काढायला सांगा आणि नवा कुठला टाकतोय ते रेक्झिन चढायच्या आधी डोळ्यांनी पाहा. भाव आधी ठरवा, आणि फोम बसला तर किती दिवसांत परत करून देणार तेही. आमच्या सीटवाल्याने पहिल्या दिवशी पॅड नुसता बांधून दिला, पिना न मारता. “दोन दिवस चालवा, मग बंद करू.” असा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नका.

परत बसवताना बोल्टची लांबी तपासा. प्लायवूड पूर्वीपेक्षा जाड घेतलं असेल तर जुना बोल्ट दोनच आट्यांवर धरतो. पातळ घेतलं असेल तर तोच बोल्ट पलीकडे निघून फोममध्ये घुसतो आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच टोचणं पुन्हा सुरू. बोल्ट निदान त्याच्या जाडीएवढा नटमध्ये गेला पाहिजे आणि टोक टी-नटच्या बाहेर यायला नको. स्प्रिंग वॉशर टाका, आट्यांना निळं थ्रेडलॉक लावा. आवळून झाल्यावर बोल्ट आणि पट्टी यांच्यावरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय हे पाना न लावता कळतं.

पॅड बसला की लगेच लांबच्या प्रवासाला निघू नका. आधी गाडी उभी असतानाच चढण्या-उतरण्याचा सराव करा. मधे उशी उभी असल्यावर पाय नेहमीपेक्षा उंच फिरवावा लागतो, आणि मागे कोणी बसलेलं असेल तर तो टाकी आणि पॅडमधून काढावा लागतो. सिग्नलवर शिकायची ही गोष्ट नव्हे. रेनकोटची मागची बाजू पॅडमध्ये अडकते का तेही पाहा. मग आधी नगर रोडच्या सरळ भागावर, आणि नंतर वढू बुद्रुकच्या रस्त्याला जाऊन या, कारण गावातल्या गतिरोधकांवर जे कळतं ते हायवेवर कळत नाही. गतिरोधकावर पॅडने पाठीला ढकलता कामा नये. ढकलत असेल तर एक भोक मागे किंवा खाली घ्या. चाचणीसाठी १ जानेवारी मात्र टाळा. त्या दिवशी पेरणे फाट्याच्या विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखोंनी लोक येतात आणि या भागातली वाहतूक वळवलेली असते.

त्यानंतर रांजणगावच्या गणपतीपर्यंत एक फेरी करा. जाताना तीन-चारदा मुद्दाम पॅडपासून सुटे व्हा आणि परत टेका. पाठ आपोआप त्याच जागी येऊन टेकत असेल तर उंची बरोबर आहे. दरवेळी सरकून जागा शोधावी लागत असेल तर अजून काम बाकी आहे. परत आल्यावर नेलपॉलिशच्या रेघा पाहा. पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये नवा फोम थोडा दबतो, म्हणून बोल्ट आणि उंची एकदा पुन्हा तपासा.

पॅडच्या आकाराचा जो कागद तुम्ही किंवा सीटवाल्याने कापला असेल तो फेकू नका. त्यावर पन्हळीची जागा, तिन्ही थरांची जाडी, दांडीचं कितवं भोक आणि तारीख लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि सीटखाली गाडीच्या कागदांशेजारी ठेवा. दोन-तीन पावसाळ्यांनी हाही फोम बसणारच आहे.